आलेच

"सिस्टर, सलाईन संपलं!"

"आलेच!"

"अहो सिस्टर, इकडं बघा की जरा. हिला उलटी होतीय!"

"आलेच, आलेच!"

दोन्ही वेळा उत्तर देणारी मुलगी एकच होती आणि ती या दोन्हींपैकी कुठल्याच खाटेजवळ नव्हती. पूर्वा झेंडे बायकांच्या सर्जिकल वॉर्डच्या पार टोकाला, आदल्या दिवशी ऑपरेशन झालेल्या एका बाईची पट्टी बदलत होती. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. मोकळे होते ते फक्त तोंड, आणि त्याचाच ती उपयोग करत होती.

दारावर बसवलेल्या यंत्राच्या पडद्यावर दोन हिरवे ठिपके उमटले. प्रत्येकापुढे अक्षरे आली : 'परिचारिका पोचली.'

इन्चार्ज सिस्टर एस्तेर रणभिसेने ते ठिपके पाहिले आणि हातातला औषधांचा ट्रे जरा आदळूनच टेबलावर ठेवला. मग उलटी होणाऱ्या बाईकडे ती स्वतःच भांडे घेऊन धावली. ती तिथे पोचली, बाईच्या पाठीवरून हात फिरवला, चादर बदलली, याची नोंद मात्र कुठेच झाली नाही. कारण हे सगळे करताना ती एक शब्दही बोलली नव्हती.

कृष्णाकाठच्या त्या गावात ते एक धर्मादाय हॉस्पिटल होते, आणि दीड वर्षापूर्वी तिथे 'कान' आले होते. यंत्राचे खरे नाव लांबलचक होते; 'कान' हे नर्सेसनी ठेवलेले. प्रत्येक खाटेवर छताला पापडाएवढी पांढरी चकती बसवलेली होती. कॅमेरे चालणार नव्हते, कारण बायकांच्या वॉर्डात कॅमेरा कोण बसवू देणार? नर्सेसच्या गळ्यात माग काढणारे बिल्ले अडकवायला त्यांच्या संघटनेने नकार दिला होता. राहिला आवाज. चकती वॉर्डातले बोलणे ऐके, कुणाचा आवाज आहे ते ओळखे, आणि बोलण्याचा अर्थ लावून तीन गोष्टी टिपे : हाक कुणी मारली, उत्तर कुणी दिले, आणि पुढे काय झाले. सगळ्या वॉर्डांची ही टिपणे एकत्र करून यंत्र दर पाळीला ठरवी, की कुठे किती नर्सेस हव्यात. जिथे रुग्णांना ताटकळावे लागते तिथे माणसे वाढवायची; जिथे हाकेसरशी माणूस हजर होते तिथली कमी करायची. विचार म्हणून यात चूक काढायला जागा नव्हती. एस्तेरनेही सुरुवातीला नर्सिंगच्या मुलींना वर्गात शिकवताना या यंत्राची तारीफच केली होती.

घोडे अडले ते एका अक्षरावर.

"पण ती पोचली नव्हती," एस्तेर त्या दिवशी यंत्राच्या कंपनीकडून आलेल्या निनाद खरोटेला सांगत होती. निनाद तिशीचा होता आणि वॉर्डात शिरताना बूट बाहेर काढणारा तो पहिलाच इंजिनिअर होता, म्हणून एस्तेरने त्याला बसायला स्टूल दिले होते.

"पण ती म्हणाली ना, सिस्टर, की आले."

"'आलेच' म्हणाली. 'च' आहे त्यात."

"'च' म्हणजे जोर. खात्री." निनादने कपाळ चोळले. "यंत्र लाखो वाक्यं वाचून शिकलंय. पुस्तकं, वर्तमानपत्रं, सरकारी कागद. त्यात 'आले' म्हणजे येऊन झालं. आणि 'आलेच' म्हणजे नुसती आली नाही, नक्कीच आली."

"अरे बाबा, आपल्याकडं 'च' लावला की समजायचं, अजून निघालेलीसुद्धा नाही!"

निनाद मोठ्याने हसला. मग त्याने वर चकतीकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

"आधीच्या आवृत्तीत आम्ही नर्सचा आवाज खाटेजवळून येण्याची वाट बघायचो. पण तुम्ही लोक काम करताना बोलतच नाही. सलाईन बदलता, निघून जाता. यंत्र म्हणायचं, कुणी आलंच नाही. तेव्हा तुम्हीच तक्रार केली होतीत."

केली होती. सगळ्यांच्या वतीने एस्तेरच भांडायला गेली होती.

"मग आता दुरुस्त कर ना."

"मी तीनदा कळवलंय वर. पण हे यंत्र एकट्या तुमच्याकडं नाही. 'च'चा अर्थ बदलला की सगळ्या हॉस्पिटलांचे आकडे एका रात्रीत कोसळतील, आणि त्या आकड्यांवर आमची कंत्राटं आहेत. पुढच्या आवृत्तीत करतोच म्हणालेत."

"करतोच म्हणाले?"

"हो," निनाद म्हणाला, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्याने मान खाली घातली.

यात खरी गंमत, म्हणजे ज्याला भोगावे लागत नाही त्याच्यासाठी गंमत, पुढेच होती. पाळीला पाच नर्सेस होत्या तेव्हा वॉर्डात 'आलेच' अधूनमधून ऐकू येई. यंत्राला वॉर्ड चांगला वाटला आणि त्याने एक नर्स काढून घेतली. उरलेल्या चौघींना हाका पुरेनात, म्हणून 'आलेच' वाढले. 'आलेच' वाढले तसे पडद्यावरचे हिरवे ठिपके वाढले. ठिपके वाढले म्हणून आणखी एक नर्स गेली, मग आणखी एक. आता एस्तेरखेरीज दोघीच उरल्या होत्या, आणि वॉर्ड साऱ्या हॉस्पिटलात पहिला येत होता. बुडणारा माणूस हात हलवतो आहे आणि काठावरचे लोक त्याला निरोपाचा हात करताहेत, असा तो प्रकार होता.

एस्तेरने उपाय केला नाही असे नाही. तिने मुलींना सांगितले, "'आलेच' म्हणू नका. खरं तेच सांगा. वेळ लागेल म्हणा." मुलींनी दोन दिवस तसे केले. कळ येऊन तळमळणाऱ्या बाईला "वेळ लागेल" म्हटल्यावर तिच्या नवऱ्याने वॉर्ड डोक्यावर घेतला. दुसरी एक बाई रडू लागली. आणि यंत्राने पडद्यावर लाल अक्षरांत लिहिले : 'रुग्णांशी कठोर भाषा.' तिसऱ्या दिवशी पूर्वा म्हणाली, "सिस्टर, मला नाही जमत. आलेच म्हटलं की त्यांचा चेहरा जरा सैल होतो हो. तेवढं तरी देऊ दे."

एस्तेरही आयुष्यभर तेवढेच देत आली होती.

*

शेडगे आजी पडल्या त्या अशाच एका दुपारी. पाळी बदलताना रुग्णांची माहिती देण्याघेण्याला तिथे 'ओव्हर' म्हणत; ती ओव्हर नुकतीच झाली होती. पूर्वाच्या जोडीची नर्स थिएटरमधून पेशंट आणायला गेली, आणि एस्तेरने पूर्वाला सांगितले, "दोन्ही रांगा तूच बघ. मी ड्रेसिंग उरकते." पूर्वाने मान हलवली. एकटीने दोन्ही रांगा बघणे शक्य नाही हे सांगणारीला माहीत होते आणि ऐकणारीलाही.

शेडगे आजींचे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते. त्यांनी भांडे मागितले. पूर्वा दुसऱ्या रांगेत एका बाईला रक्त चढवत होती. "आलेच, आजी!" ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने धप्प असा आवाज आला.

खुब्याचे हाड मोडले. आजींचा मुलगा वकील घेऊन आला. आणि यंत्राची नोंद आरशासारखी स्वच्छ होती : हाक आली, परिचारिका पोचली, त्यानंतर रुग्ण पडला. म्हणजे नर्स खाटेशी उभी होती आणि तिच्या डोळ्यांदेखत म्हातारी खाली पडली. याला हलगर्जीपणा नाही म्हणायचे तर काय? पूर्वाची नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. चौकशीत दोष सिद्ध झाला तर ती जाणार होतीच. शिवाय नर्सिंग कौन्सिलकडे तक्रार गेली तर पुन्हा कुठे नर्सचा गणवेश घालता येईल की नाही याचीच शंका होती.

एस्तेर आजींना भेटायला गेली. पायाला वजन लावून आजी पडून होत्या.

"पोरीला काय बोलू नका, बाई," आजी म्हणाल्या. "आलेच म्हणाली. म्हटलं, येतीया तर आपण उठून बसावं, तेवढंच तिला हलकं. कठडा मीच खाली केला. मग वाट बघितली. लई बघितली. ती काय येईना, अन् मला काय धरवंना."

एस्तेर खाटेच्या कडेला टेकली. इतके दिवस ती त्या चकत्यांना हसत होती, चिडत होती. एवढेही कळत नाही का म्हणत होती. आणि इथे एक जितेजागते, याच मातीतले माणूस त्याच शब्दावर विसंबून कठडा खाली करून बसले होते. यंत्राने आणि आजींनी चूक एकच केली होती. दोघांनी ऐकले त्याच्यावर विश्वास ठेवला होता.

*

अधिसेविका इंगवले मॅडम पुढच्या महिन्यात निवृत्त होत होत्या. साऱ्या नर्सेसच्या प्रमुखाची ती खुर्ची आता एस्तेरला मिळणार, हे सफाईवाल्या मावशींनाही माहीत होते. मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावले आणि दार लोटून घेतले.

"एस्तेर, उद्या चौकशीत जास्त बोलू नकोस. वॉर्डात हजर होते, दुसऱ्या कामात होते, एवढं सांग."

"आणि नोंद?"

"नोंदीबद्दल कुणी विचारणार नाही. तू काढू नकोस."

"मॅडम, नोंद खोटी आहे."

"मला सांगतेस? तीस वर्षं आलेच म्हणत काढली मी." मॅडमनी चष्मा काढला. त्यांचे डोळे थकलेले होते. "पण ती नोंद खोटी म्हणालीस, की तुझा पहिला नंबरही खोटा. त्या नंबरावर तुझं नाव मी पुढं केलंय. तुझ्याऐवजी आणतील बाहेरून कुणीतरी मॅनेजर, ज्यानं जन्मात कुणाला भांडं दिलेलं नाही. ती पोरगी तरुण आहे, दुसरीकडं लागेल. तू या खुर्चीत बसलीस तर सगळ्या वॉर्डांची माणसं परत आणू शकशील. मोठा विचार कर."

एस्तेर मोठा विचार करतच घरी निघाली. हॉस्पिटलच्या फाटकाशी पूर्वा उभी होती.

"सिस्टर, एक विचारू? उद्या मला काय बोलायला लागेल?"

"जे झालं ते सांग."

"ते सांगितलं की मी खोटं बोलले असं होतं. आलेच म्हणाले आणि गेले नाही." पूर्वा हसायचा प्रयत्न करत होती. "तुम्ही शिकवायचात ना, व्यवस्थापनाच्या तासाला. काम सोपवता येतं, जबाबदारी सोपवता येत नाही. पाच मार्कांना आलं होतं आम्हाला. मी चांगलं लिहिलं होतं. पण रुग्ण तर माझ्याकडंच सोपवला होता ना? मग ती जबाबदारी माझीच झाली का? तेव्हा लिहिलं, पण आता नीट कळेना झालंय."

पोरीच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर एस्तेरला सोपे गेले असते.

*

चौकशी बैठकीच्या खोलीत होती. तिथेही छताला एक चकती होती. देणगीदारांना यंत्र दाखवता यावे म्हणून बसवलेली. समोर पडदा. अध्यक्षस्थानी हॉस्पिटलचे प्रमुख डॉक्टर भडकमकर, शेजारी हॉस्पिटलचे वकील, इंगवले मॅडम, आणि कोपऱ्यात निनाद खरोटे. पूर्वा भिंतीशी खुर्चीच्या टोकावर बसली होती.

वकिलांनी नोंद वाचली. पूर्वाला विचारले, "तुम्ही खाटेजवळ होता?" "नव्हते." "मग 'आलेच' का म्हणालात?" पूर्वा नखाने खुर्चीची कड खरवडत राहिली.

"जरा चहा होऊ दे," भडकमकर वैतागून म्हणाले आणि दाराकडे तोंड करून ओरडले, "शिवाप्पा! चहा कुठाय?"

"आलोच साहेब!" व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाहून शिपायाचा खणखणीत आवाज आला.

पडद्यावर हिरवा ठिपका उमटला. 'कर्मचारी पोचला.'

एस्तेर उठून उभी राहिली. उठायचे ठरवले नव्हते. पाय आपोआप उठले. "सर, पडद्याकडे बघा. शिवाप्पा पोचला म्हणतोय. कुठाय तो? कुठाय चहा?"

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिले, मग रिकाम्या दाराकडे. पहिल्यांदा निनाद हसला, मग भडकमकर, मग वकीलही. इंगवले मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. शिवाप्पा ट्रे घेऊन आला तेव्हा हसू ओसरूनही बराच वेळ झाला होता, आणि आपल्याकडे सगळे का बघताहेत हे त्याला कळेना.

"म्हणजे ही नोंद धरता येणार नाही," भडकमकर डोळे पुसत म्हणाले.

"नाही. आणि माझ्या वॉर्डाचा पहिला नंबरही धरता येणार नाही, सर. तीन महिने तो खोटा आहे." एस्तेरने मॅडमकडे पाहायचे टाळले. "मला पाच नर्सेसचं काम दोघींकडून करून घ्यायला लावलंत, आणि मी घेतलं. दोन्ही रांगा तूच बघ, असं हिला मी सांगितलं. जमणार नाही हे माहीत असून सांगितलं. काम मी सोपवलं. कुणाचं नाव लिहायचं असेल तर माझं लिहा. आणि माझी माणसं परत द्या."

क्षणभर एस्तेरला वाटले, आता कुणीतरी काहीतरी शहाणपणाचे बोलेल.

वकील बोलले. "मार्ग सोपा आहे. यंत्राला जो शब्द कळत नाही तो वापरायचाच नाही. परिपत्रक काढू. 'आलेच', 'आले', 'पोचले', 'निघाले' हे शब्द कामावर असताना उच्चारू नयेत."

"उत्तम!" भडकमकर म्हणाले.

"आणि माणसं, सर?"

"ती यंत्र ठरवतं, सिस्टर. आपण मध्ये हात घातला तर करार मोडतो."

पूर्वाची नोकरी वाचली. एस्तेरला लेखी ताकीद मिळाली आणि अधिसेविकेच्या जागेसाठी वर्तमानपत्रात जाहिरात आली, बाहेरून मॅनेजर हवा म्हणून. इंगवले मॅडम जिन्यात भेटल्या तेव्हा एवढेच म्हणाल्या, "पोरगी वाचवलीस. वॉर्ड घालवलास." ते खोटे नव्हते, आणि म्हणूनच एस्तेरच्या ते जिव्हारी लागले.

*

परिपत्रकात काय म्हणायचे नाही ते लिहिले होते. काय म्हणायचे ते कुणी लिहिले नव्हते. एस्तेरने ते वॉर्डात भिंतीला चिकटवले, पुन्हा वाचले, आणि दोन्ही मुलींना जवळ बोलावले.

"आजपासून हाकेला उत्तर द्यायचं नाही. काहीच. हातातलं काम संपवायचं, चालत जायचं, आणि खाटेला हात लागला की मगच तोंड उघडायचं."

"सिस्टर, पेशंट घाबरतील हो."

"मी सांगते त्यांना."

ती खाटेखाटेशी गेली. "हाक मारा. उत्तर येणार नाही, माणूस येईल. उशीर झाला तर पुन्हा हाक मारा, मोठ्यानं मारा. पण कुणीतरी येऊन हात लावेपर्यंत कठडा खाली करायचा नाही."

पहिला दिवस भयंकर गेला. हाका येत आणि हवेत तशाच लोंबकळत राहत. एका बाईने एस्तेरला तोंडावर निर्दय म्हटले. पूर्वाने दोनदा ओठ दाताखाली धरलेले एस्तेरने पाहिले. तिच्या स्वतःच्या जिभेवरही तो शब्द दर वेळी येई आणि कडू औषधासारखा गिळावा लागे. पडदा आधी पिवळा झाला, मग लाल. संध्याकाळपर्यंत वॉर्ड हॉस्पिटलात शेवटचा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राने एक नर्स पाठवली. तिसऱ्या दिवशी आणखी एक.

चौथ्या दिवशी पुरुषांच्या वॉर्डाची इन्चार्ज तणतणत आली. "रणभिसे, माझ्या पोरी पळवल्यास तू!"

"मी नाही पळवल्या. तुझ्याकडं अजून आलेच चाललंय ना? परिपत्रक वाचलं नाहीस?"

"ते कोण वाचतंय!"

"वाच. आणि गप्प बस."

ती गप्प बसली. तिच्यानंतर बाळंतिणींचा वॉर्ड गप्प बसला, मग मुलांचा. वॉर्डामागून वॉर्ड मुका होत गेला आणि लाल होत गेला. शेवटी इकडून काढून तिकडे पाठवायला यंत्राकडे कुणी उरले नाही. तेव्हा दीड वर्षात पहिल्यांदाच बैठकीच्या खोलीतल्या पडद्यावर ती ओळ उमटली : 'मनुष्यबळ अपुरे. भरती आवश्यक.'

यंत्र खोटे कधी बोलत नव्हते. त्याला खरे कुणी सांगत नव्हते, एवढेच.

एस्तेर लगेच भडकमकरांकडे गेली. ते कुठल्याशा बैठकीला निघाले होते, चालता चालताच म्हणाले, "बघितलं, सिस्टर, बघितलं. भरती केलीच समजा!"

ती जिन्यात उभी राहिली. हसावे की कपाळ बडवून घ्यावे हे तिला कळेना. मग ती वॉर्डात परतली, कारण हाका ऐकू येत होत्या.

शेडगे आजी खुब्याचे ऑपरेशन होऊन पुन्हा त्याच वॉर्डात आल्या होत्या. त्यांनी हाक मारली तेव्हा एस्तेर पलीकडच्या रांगेत एका बाईला धरून उभी होती. सोडली असती तर ती पडली असती.

"सिस्टर! अवं सिस्टर!"

एस्तेरने तोंड घट्ट मिटले.

"मुक्या झाल्या काय गं सगळ्याजणी? एवढं तरी म्हणा की!"

पूर्वा वाकून कुणाची तरी शीर शोधत होती. तिने मान वर करून एस्तेरकडे पाहिले. एस्तेरने मान हलवली : नाही. तिने हातातल्या बाईला पायरीपायरीने खाटेवर निजवले, उशी सारखी केली, कठडा वर घेतला. मग हात धुतले आणि वॉर्ड ओलांडून गेली. आजी रागाने पाठ करून पडल्या होत्या. त्यांचा कठडा मात्र वर होता.

एस्तेरने आजींच्या खांद्यावर हात ठेवला. आजींनी मान वळवून पाहिले.

"आले," एस्तेर म्हणाली.